३५ हे उत्तर आलं कुठून?

तिसरीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर ४२ वजा १७ ही वजाबाकी लिहिली. हातच्याची वजाबाकी शिकवून दोन आठवडे झाले होते. पाट्या फिरून पाहिल्या, तर सात मुलांचं उत्तर ३५. नोंदवहीत सातही नावांपुढे मी फुली मारली आणि 'हातचा जमत नाही, पुन्हा सराव' असं लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू करण्याआधी सहज एका मुलाला जवळ बसवून विचारलं, "हे कसं केलंस, मला सांग." तो म्हणाला, "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. पाच उरले. चारातून एक गेला, तीन." त्याच्या शेजारच्या मुलीचंही उत्तर ३५च होतं. ती म्हणाली, "मी दशक सुटा केला. बारातून सात गेले, पाच. चारातून एक गेला, तीन." पहिल्याला दशक सुटा करायचा असतो हेच उमगलं नव्हतं. त्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन पहिल्यापासून बसवायला हवं होतं. मुलीला सगळं कळलं होतं, फक्त चारातला एक दशक आधीच खर्ची पडला हे ती विसरली होती. तिला एका प्रश्नाची गरज होती: "तू एक दशक घेतलास ना, मग तिथे किती राहिले?" माझ्या नोंदवहीत मात्र दोघांपुढे सारखीच फुली होती, आणि दोघांना सारखाच सराव मिळणार होता.

पुढे शांतपणे बसून आकडे मांडले तेव्हा ध्यानात आलं की प्रश्न निवडण्यातच माझी चूक झाली होती. २ आणि ७ यांच्यात ५ चा फरक आहे, आणि १२ मधून ७ गेले तरी ५च उरतात. म्हणून दोन्ही चुकांच्या वाटा एकाच उत्तराला येऊन मिळतात. ४१ वजा १७ दिलं असतं, तर पहिल्याचं उत्तर ३६ आलं असतं आणि मुलीचं ३४. एक आकडा बदलला असता तर फळ्यासमोर उभ्या उभ्या मला दोघांमधला फरक दिसला असता. वर्गातली माहिती म्हणतात ती ही. ती गुणांच्या रकान्यात नसते. मूल काय करतं आहे ते दिसेल असा प्रश्न विचारण्यात आणि उत्तर आल्यावर थांबून ऐकण्यात ती असते.

हे सांगण्याचं कारण असं, की आज आपल्या शाळांमधून माहितीचा महापूर वाहतो आहे आणि त्यातली फारच थोडी शिकवणाऱ्याच्या कामाची आहे. शिक्षकांनी संशोधक व्हावं असं सगळेच म्हणतात. बी.एड.च्या अभ्यासक्रमात कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहत घेतलेला शोध, आहे, सेवांतर्गत प्रशिक्षणांत त्यावर तासिका असते, नवोपक्रमांच्या स्पर्धा होतात. तरीही वर्गाच्या चार भिंतींत खऱ्या अर्थानं शोध घेणारे शिक्षक मोजकेच राहतात. माझ्या मते याचं मूळ शिक्षकांच्या आळसात नाही. वर्गातली माहिती कोणासाठी गोळा करायची, या प्रश्नाचं उत्तर आपण चुकीचं दिलं आहे. ती वर पाठवण्यासाठी गोळा होते, आणि जी माहिती वर जायची असते ती खरी राहणं फार अवघड असतं.

कृतिसंशोधनाची कल्पना जन्मली तेव्हा दिशा उलटी होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये हा शब्द मांडला तो कृती आणि शोध एकत्र चालावेत म्हणून: पाऊल टाकायचं, परिणाम पाहायचा, पुढचं पाऊल त्यावरून ठरवायचं. अमेरिकेत स्टीफन कोरे यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना शाळांमध्ये नेली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७०च्या दशकात शिक्षक हाच संशोधक, असा आग्रह धरला. या तिघांच्या मांडणीत शोध घेणारा आणि शोधाचा उपयोग करणारा माणूस एकच आहे. आपल्याकडे ही कल्पना आली आणि तिचं प्रपत्र झालं. शीर्षक, समस्येचं विधान, उद्दिष्टे, गृहीतके, नमुना निवड, पूर्वचाचणी, कार्यवाही, उत्तरचाचणी, निष्कर्ष, शिफारशी. 'इयत्ता चौथीतील विद्यार्थ्यांना वाचनात येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना' हे शीर्षक मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. इयत्ता बदलते, विषय बदलतो, निष्कर्ष तोच राहतो: उपक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाली. असा एकही अहवाल माझ्या हाती आलेला नाही, ज्यात शेवटी लिहिलं आहे की मी सहा महिने हे करून पाहिलं आणि त्याचा उपयोग झाला नाही. ज्या शोधाचं उत्तर आधीच ठरलं आहे, त्यात माहिती गोळा करण्याचं काम उरतच नाही.

मीही असा अहवाल लिहिला आहे, आणि त्यातला एक आकडा इतक्या वर्षांनंतरही मला टोचतो. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. वर्गाचा पट २४. जुलैमध्ये वाचनाची चाचणी घेतली, सर्वांत मागे असलेली नऊ मुलं निवडली आणि रोज अर्धा तास त्यांच्यासाठी वेगळा ठेवला. काम मनापासून केलं होतं. दिवाळीनंतर गावातून ऊसतोडीला टोळ्या निघाल्या, त्यात या नऊपैकी तीन मुलं आईवडिलांबरोबर गेली. जानेवारीत उत्तरचाचणी घेतली तेव्हा सहा मुलं समोर होती आणि त्यातली पाच परिच्छेद वाचत होती. मी लिहिलं: ८३ टक्के विद्यार्थ्यांमध्ये प्रगती. हिशेब चुकीचा नव्हता, सहापैकी पाच म्हणजे ८३च. पण सुरुवात नऊंपासून झाली होती, आणि नऊपैकी पाच म्हणजे ५६ टक्के. तपासणाऱ्या कोणीही विचारलं नाही की बाकीची तीन कुठे गेली. खरं तर मीच विचारायला हवं होतं. ती तीन मुलं एप्रिलमध्ये परत आली. दोघं जुलैत होती तिथेच होती, एक मुलगी मात्र मागे गेली होती. रफार आणि जोडाक्षर आलं की अडखळून थांबायची. माझा अहवाल तोवर सादर झाला होता, त्यात तिला जागा नव्हती. वाचनाची अडचण ज्यांना सर्वांत जास्त, तीच मुलं माझ्या संशोधनातून गळली आणि त्यांच्या गळण्यानं माझा निकाल उजळला.

मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात जिथून जिथून कुटुंबं कामासाठी हंगामी स्थलांतर करतात, तिथे हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला आहे. ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला गाभाच त्यात जातो. कुठे हंगामी वसतिगृह असतं, कुठे आजीजवळ मूल राहतं, कुठे बिऱ्हाडाबरोबर फडावर जातं. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी हे दोन खांब मानणाऱ्या पद्धतीत असं मूल बसत नाही. म्हणून निघून गेलेल्या मुलांचा हिशेब अहवालात सर्वांत आधी यावा, असं मला वाटतं. किती मुलांपासून सुरुवात केली, शेवटी किती उरली, आणि गेली ती कोणत्या गटातली होती. एवढ्या तीन ओळींनी निम्मे अहवाल खरे होतील.

दुसरी एक अडचण याहून छुपी आहे. चाचणीत सर्वांत मागे पडलेली मुलं निवडली आणि काही काळानं पुन्हा चाचणी घेतली, तर मध्ये काहीही न करता त्यांची सरासरी बहुधा वर जाते. कारण एका दिवसाचे गुण म्हणजे मुलाची क्षमता आणि त्या दिवसाची परिस्थिती, यांची बेरीज असते. त्या दिवशी कोणाला ताप होता, कोणी रात्री लग्नाच्या वरातीत जागलं होतं, कोणाचं लक्ष बैलपोळ्याच्या तयारीत होतं. अशी मुलं तळाच्या यादीत येतात, आणि पुढच्या वेळी ताप नसतो, वरात नसते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना हे टिपलं: फार उंच आईवडिलांची मुलं उंच असली तरी सरासरीच्या थोडी जवळ येतात, फार बुटक्यांचीही तशीच. टोकाच्या मोजणीनंतरची मोजणी सरासरीकडे सरकते. शिवाय सहा महिन्यांत मूल सहा महिन्यांनी मोठं होतं, त्याचा वाटा वेगळाच. आपले बहुतेक अहवाल हा सगळा सरकलेपणा उपक्रमाच्या खात्यावर जमा करतात.

यावर उपाय अवघड नाहीत, पण प्रशिक्षणांत ते क्वचितच सांगितले जातात. उपक्रम सुरू करण्याआधी एकाच आठवड्यात तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उताऱ्यांवर वाचून घ्यावं, म्हणजे एका वाईट दिवसावर मुलाची निवड ठरत नाही. नऊ मुलं असतील तर पाचांबरोबर आज सुरू करावं आणि चौघांबरोबर सहा आठवड्यांनी. मदत सगळ्यांनाच मिळते, कोणी वंचित राहत नाही, आणि मधल्या सहा आठवड्यांत पहिल्या पाचांमध्ये जे घडलं ते चौघांमध्येही आपसूक घडलं का, हे पाहता येतं. दोन सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी संख्याशास्त्रातली टी-चाचणी नऊ मुलांवर लावण्यात मात्र काही हशील नाही. ती मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात, हेतुपुरस्सर निवडलेली असतात. त्यांच्यावरून राज्यातल्या मुलांविषयी बोलता येत नाही, आणि शिक्षकाला तसं बोलायचंही नसतं. त्याला या नऊंविषयी बोलायचं असतं. त्यासाठी मध्यमान आणि प्रमाण विचलन यांपेक्षा नऊ मुलांची नऊ टिपणं जास्त उपयोगाची.

नोंद करताना चूक कशाला म्हणायचं, हा प्रश्न तर आपल्या भाषेत फारच नाजूक आहे. मूल 'पाणी'चं 'पानी' वाचतं. मोठ्यानं वाचताना झालेली प्रत्येक चूक मोजायची असेल तर ही चूक धरली जाते. पण ज्या घरात सगळेच 'पानी' म्हणतात, तिथलं मूल अक्षर नीट ओळखून आपल्या बोलीत उच्चारतं आहे. ते वाचन बरोबर आहे. याउलट एखादं मूल धडा शंभरदा ऐकल्यामुळे घडाघडा म्हणतं आणि बोट भलत्याच ओळीवर असतं. त्याच्या नावापुढे पूर्ण गुण पडतात. अहिराणी, कोरकू, गोरमाटी, वारली, पावरी बोलणारी मुलं प्रमाण मराठीतल्या चाचणीला बसतात तेव्हा ती चाचणी वाचन मोजते की भाषेची ओळख मोजते, हे शिक्षकानं स्वतः ठरवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास करून पीएच.डी. मिळवली आणि पुढे तिथेच वंचित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्याचं काम उभं केलं. आधी माणसं कशी बोलतात ते कान देऊन ऐकलं, मग शिकवलं. आपल्या नोंदींच्या प्रपत्रात मुलाच्या घरची भाषा लिहायला एखादा रकाना असतोही. चाचणीचे गुण लावताना त्या रकान्याकडे वळून पाहावं असं मात्र त्यात कुठे सांगितलेलं नसतं.

आता माहिती वर जाते तेव्हा काय होतं, याकडे वळू. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यामागचा विचार मला आजही पटतो. वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी शिक्षकानं वर्षभर मुलाचं निरीक्षण करावं आणि वर्णनात्मक नोंदी ठेवाव्यात. या नोंदी तपासल्या जाऊ लागल्या, आणि थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरू लागल्या. 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो', 'परिसराविषयी जागरूक आहे', 'कविता तालासुरात म्हणतो'. मी एकाच केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकाच गटातल्या, वेगवेगळ्या शाळांच्या नोंदवह्यांत हीच वाक्यं त्याच क्रमानं पाहिली आहेत. ज्या शिक्षकानं ती उतरवून काढली त्याला त्याच्या मुलांविषयी काही कळत नव्हतं, असं नाही. त्याच्याशी चहा पिताना बोललात तर तो एकेका मुलाची बारीकसारीक गोष्ट सांगेल: कोण वडील घरी असले की शाळेत येत नाही, कोणाला पाढे येतात पण भागाकार पाहिला की घाम फुटतो. ते सगळं ज्ञान वहीबाहेर राहिलं, कारण वही त्याच्यासाठी नव्हती.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, त्यांचे गुण शासनाच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीत भरायचे ठरले. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह चांगला होता आणि काही तालुक्यांत त्यानं खरोखर हालचाल झाली. पण शाळा प्रगत झाली की नाही, हे ज्या आकड्यानं ठरणार तो आकडा शाळेनंच भरायचा होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात एक गोष्ट ठामपणे मांडली होती: समाजातला एखादा आकडा निर्णयांसाठी जितका जास्त वापरला जातो, तितका तो आकडा बिघडण्याचा दबाव वाढतो, आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायला तो आणला ती गोष्टही बिघडते. मागे पडणाऱ्या मुलाला चाचणीच्या दिवशी शेजारच्या हुशार मुलीजवळ बसवणाऱ्या शिक्षकाला कॅम्पबेल ठाऊक नसतो, पण तो त्याचाच नियम सिद्ध करत असतो. आणि यात सर्वांत मोठं नुकसान त्या मुलाचं होतं. कागदावर ते शिकलेलं असतं, म्हणून त्याच्याकडे पुन्हा कोणी वळत नाही.

माझ्या म्हणण्यावर एक सरळ आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. माहिती वर गेलीच नाही तर शासनाला कळणार कसं की कुठल्या जिल्ह्यात मुलं वाचू शकत नाहीत? शिक्षकांवर सगळं सोपवलं तर आजवर दुर्लक्षित राहिलेली मुलं आणखी दुर्लक्षित होतील. हे म्हणणं मी मुळीच हलकं मानत नाही. मी स्वतः तीन मुलं हरवली आहेत. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जात आहेत. मूल कुठल्या शाळेत आहे, येतं की नाही, स्थलांतर करून कुठे गेलं, त्याला पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार मिळाला का, ही माहिती शासनाकडे प्रत्येक मुलाची असलीच पाहिजे. ती मुलाच्या हक्काची माहिती आहे. राज्यातली मुलं किती शिकली, हे कळायला मात्र प्रत्येक मुलाचे गुण त्याच्याच शिक्षकाकडून मागवण्याची गरज नाही. नमुना पाहणीनं ते कळतं. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेची 'असर' ही ग्रामीण मुलांची पाहणी २००५ पासून अशीच चालते. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं, म्हणजे ६०० घरं. स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाशी बोलतात आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल कुठवर वाचतं ते पाहतात. शिक्षकाचा त्यात हात नसतो, म्हणून त्याच्यावर दबावही नसतो. शासनाच्याही राष्ट्रीय पाहण्या २०१७, २०२१ आणि २०२४ मध्ये नमुन्यावरच झाल्या. व्यवस्थेचं आरोग्य तपासायला अशा त्रयस्थ पाहण्या पुरेशा आहेत. शिक्षकाच्या वहीतली माहिती त्याच कामाला जुंपली की दोन्ही कामं फसतात.

काही शिक्षक ही मोकळीक मिळाली तर काहीच करणार नाहीत, हेही खरं आहे. आजही ते काही करत नाहीत, फक्त त्यांच्याकडे सुबक फाइल असते. कृतिसंशोधन तयार बांधून देणारी झेरॉक्सची दुकानं कोणत्या गावात आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. सक्तीनं आपल्याला शोध मिळालेला नाही, शोधाच्या नावाचा कागद मिळाला आहे. आणि त्या कागदाच्या ढिगाऱ्याखाली खरं काम करणाऱ्याचा प्रामाणिक, अर्धवट यशाचा अहवाल फिका दिसतो, हे मला जास्त दुःखाचं वाटतं. ५६ टक्के लिहिणारा ९५ टक्के लिहिणाऱ्यासमोर हरतो. पुढच्या वर्षी तो काय लिहील?

मुलांच्या बाजूनंही एक प्रश्न आहे, ज्याकडे आपण फारच सहज दुर्लक्ष करतो. मागे पडलेल्या मुलाचा अडखळत वाचतानाचा व्हिडिओ आणि सहा महिन्यांनी अस्खलित वाचतानाचा व्हिडिओ, असे जोडीचे व्हिडिओ शिक्षकांच्या गटांवर फिरतात. हेतू चांगला असतो, मुलाची प्रगती दाखवायची असते. पण पहिला व्हिडिओ कोणाला विचारून काढला? ते मूल उद्या सातवीत जाईल, गावातल्याच कोणाच्या तरी मोबाइलमध्ये तो असेल. भिंतीवर स्तरानुसार नावांचे तक्ते लागतात आणि 'अक्षर गटा'त कोण आहे हे पाणी प्यायला आलेल्या पालकांनाही दिसतं. आमच्या पिढीनं 'अप्रगत' हा शब्द मुलांच्या तोंडावर वापरला, याची मला खंत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आणि मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, हे तत्त्व आणलं. वर्गात कायद्याची कलमं घेऊन बसायची गरज नाही. नावांऐवजी खुणा वापरणं, तक्ता कपाटात ठेवणं, पालकांना साध्या भाषेत सांगणं की मी हे का लिहून ठेवते आहे, आणि मुलालाही विचारणं, एवढं प्रत्येकाला जमतं. मी एका चौथीतल्या मुलाला विचारलं होतं, "तुझं वाचन रेकॉर्ड करू का, नंतर आपण दोघं ऐकू." तो म्हणाला, "ऐका, पण सरांना पाठवू नका." ते रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी तीनदा ऐकलं आणि पुसून टाकलं. आपण वाक्याच्या शेवटी थांबत नाही, हे त्यातून त्याचं त्यालाच कळलं.

वेळेचा हिशेबही मांडायला हवा, कारण बोलणारे तो मांडत नाहीत. एका मुलाला जवळ बसवून नीट ऐकायला पाच मिनिटं लागतात. पट तीसचा असेल तर अडीच तास झाले. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात, कधी सहकारी प्रशिक्षणाला गेला की चारही. एका मुलाचं ऐकत असताना बाकीच्यांनी काय करायचं, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्यातच लिंक येते, 'माहिती आज सायंकाळपर्यंत भरावी' असा निरोप येतो, आणि रेंज शोधत शिक्षक शाळेच्या टाकीजवळ उभा राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं म्हटलं आहे, पण माहिती भरणं हे शैक्षणिक काम समजलं जातं, त्यामुळे त्याला बांध नाही.

मला जमलेली रीत अशी होती. रोज तीनच मुलं. बाकीच्यांना जोडीनं करायचं काम द्यायचं आणि खिडकीजवळच्या बाकावर एकेकाला पाच मिनिटं बोलवायचं. दहा दिवसांत तीस मुलांची फेरी पूर्ण होते. वहीत एका मुलासाठी एक पान. तारीख, मुलानं केलेली नेमकी गोष्ट त्याच्याच शब्दांत, आणि उद्या मी काय करणार, त्याची एक ओळ. गुण नाहीत, शेरा नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत पानांमधून नक्षी दिसू लागते. हातच्याच्या वजाबाकीत चुकणारी मुलं तीन प्रकारची आहेत, हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या पानांवरून कळलं. तिसरा प्रकार शून्याचा होता: ५० वजा २३ आलं की 'शून्यातून काही जात नाही' म्हणून ती मुलं एककाच्या घरात शून्यच लिहायची. शून्याविषयी मी वर्गात काय बोलले होते, ते मग आठवावं लागलं. 'शून्य म्हणजे काहीच नाही' हे माझंच वाक्य होतं.

ती वही मी कधी तपासणीला ठेवली नाही. ठेवली असती तर दुसऱ्याच आठवड्यात मी अक्षर सुंदर काढू लागले असते आणि 'शून्य म्हणजे काहीच नाही हे मीच चुकीचं सांगितलं' ही ओळ लिहिली नसती. शिक्षकाला स्वतःची चूक लिहिता येईल अशी एक जागा हवी, जी कोणी तपासणार नाही. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.

एकट्यानं मात्र हे फार काळ चालत नाही. आपल्याकडे दर महिन्याला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होते. दहा-बारा शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमतात. ही रचना सोन्यासारखी आहे. तिचा बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात, प्रलंबित माहितीची यादी सांगण्यात आणि तक्ते गोळा करण्यात जातो. जपानमध्ये 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठाचा अभ्यास ही शिक्षकांची जुनी रीत आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे मागे उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात, आणि नंतर सगळे मिळून त्या टिपणांवर बोलतात. तिथे शिक्षकाला गुण दिले जात नाहीत, चर्चा पाठाची आणि मुलांच्या विचारांची होते. आपल्या शिक्षण परिषदेत यातलं निम्मं जरी करायचं ठरवलं तरी नवा निधी लागत नाही, नवं ॲप लागत नाही.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची आहे. कृतिसंशोधनाला वेतनश्रेणी, पुरस्कार आणि तपासणी यांपासून पूर्ण सोडवावं. ज्याला करायचं त्यानं ते करावं. प्रपत्र ठेवायचंच असेल तर 'निष्कर्ष' या रकान्याच्या आधी 'काय जमलं नाही आणि कोणती मुलं सुटली' हा रकाना असावा आणि तो रिकामा असलेला अहवाल परत करावा. आणि शिक्षण परिषदेचा पहिला तास माहिती मागण्यासाठी वापरू नये. त्या तासात प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या एका मुलाची एक वही, नाव झाकून, बरोबर आणावी. बारा वह्या सतरंजीवर मधोमध ठेवाव्यात. एकीत ४२ वजा १७ बरोबर ३५ असं लिहिलेलं असेल, आणि मग कोणीतरी विचारेल की हे मूल या उत्तरापर्यंत कसं आलं असेल, आणि उद्या त्याला कोणतं गणित घालून पाहायचं.